दोन घरचे धोंडे आन एक पोट

…आन वरून म्हणतात काय, तर "जावईबापू, तुम्ही काही खाल्लंच न्हाई." अरे बाबांनो, खाल्लं न्हाई तर हे समोरचं ताट काय उंदरानं साफ केलं का? तुम्हाला सांगतो, आपल्याकडं वाढणाऱ्या माणसाचे डोळे फक्त ताटाकडं राह्यतात. ताटात जागा दिसली की वाढ. हातानं ताट झाकलं की बोटांच्या फटीतून वाढ. उद्या मी ताटावर आडवा झोपलो ना, तर पाठीवर वाढतील, इतकी माया. जिभेला इचारतात, गोड झालंय का? हाताला म्हणतात, लाजू नका. मनाला म्हणतात, मनापासून जेवा. सगळ्यायला इचारून राह्यले… पण पोटाला इचारलं का कोणी?

न्हाई इचारत. आन काहून इचारतील? पोट कोणी पाह्यलंय? आपल्याला ठाऊक ते वरचं पोट, सदऱ्याचं बटण तोडणारं, बायको ज्याच्यावरून बोलती ते. आतलं पोट कोणी पाह्यलं? मी पाह्यलंय. हसू नका हो, खरंच पाह्यलंय, माझं सवताचं, टीव्हीवर.

झालं काय, मी आदिनाथ, मूळचा परतूरचा, आता जालन्याला एमआयडीसीत, बियाण्याच्या प्लँटवर. सरकी, मका, ज्वारी, जे येईल ते चाळायचं, वाळवायचं, पिशव्या भरायच्या. तर मागं छातीत जळजळ सुरू झाली. मला वाटलं, काळीज गेलं आपलं. दैवशाला, म्हणजे आमच्या मंडळी, ती म्हणली, "अहो, काळीज गेलं असतं तर चहा मागितला असता का तुम्ही तिसऱ्यांदा? डॉक्टरकडं जा." मंग गेल्तो. डॉक्टर कोण, तर सुमेधा, परतूरच्या शाळेत माझ्याच वर्गात व्हती, आता पोटाची मोठी डॉक्टर. मी आपला लाजत लाजत आत गेलो, तर म्हणती कशी, "काय रे आदिनाथ, मधल्या सुट्टीत माझा डबा हाणायचास, तवा काही व्हत नव्हतं तुला?" नर्सबाई हसली. मंग सुमेधा म्हणली, दुर्बीण टाकून बघू.

घशात फवारा मारला, हातात सुई टोचली, आन तुम्हाला सांगतो… काय ती गुंगी. अशी उन्हाळ्यात दुपारी कूलरसमोर पडावं, कानात घूं घूं यावं, आन कोणीतरी लांबून आपल्याला हाक मारावी आन आपण ओ देऊ नये, तशी. त्या गुंगीत सुमेधाचा आवाज, एकदम मऊ. "आदिनाथ, बघ, हे तुझं पोट."

आन मी पाह्यलं. गुलाबी. ओलं. सगळीकडून मऊ मऊ घड्या, जशी धुतलेली साडी पिळून ठेवलेली. आन त्याला ठाऊकच न्हाई की कोणी बघून राह्यलंय. आपलं हळूच एक लाट यायची, वरून खाली जायची… थांबायचं… मंग दुसरी लाट. घाई न्हाई, गडबड न्हाई. माझ्या अंगात इतकी शांत जागा हाये, आन मला चाळीस वर्स कोणी सांगितलं न्हाई?

सुमेधा सांगून राह्यली, मी ऐकून राह्यलो. "हे रिकामं हाये म्हणून मुठीएवढं. जेवण आलं की या घड्या उलगडतात, पोट सवताच सैल व्हतं, जागा करून देतं. वरचा भाग साठवून ठेवतो. खालचा भाग घुसळतो. आन आतून तेजाब सुटतं." मी तोंडात नळी घेऊन डोळे मोठे केले. "हाव रे, खरंखुरं तेजाब. त्यानं सगळं मऊ पडतं." मला इचारायचं व्हतं, मंग पोट सवताच काहून जळत न्हाई? नळीतून नुसतं "आँ आँ" निघालं, पण तिला कळलं. शाळेतलीच ती. म्हणली, "आतून चिकट लेप असतो ना. आन ते अस्तर सारखं झडतं आन सारखं नवं येतं. मागच्या हप्त्यातलं अस्तर आज तुझ्याकडं न्हाई." घ्या. म्हणजे सासरवाडीचं खाल्लेलं पचवायला पोटाला सवताचं कातडं बदलावं लागतं.

मंग एका बारीक भोकाशी दुर्बीण थांबली. भोक उघडायचं, मिटायचं. "हे खालचं दार," सुमेधा म्हणली. "पातळ झाल्याबिगर काही सोडत न्हाई. थोडं थोडं पुढं देतं. तूप-तेल जास्त आलं की दार धरून बसतं, तासन्‌तास. आन आदिनाथ, पोट भरल्याची खबर डोक्याला पोचायला टाईम लागतो. तू भराभर खातोस, खबर रस्त्यातच राह्यती, आन तू अजून दोन भाकरी हाणतोस." शेवटी नळी काढली, माझं तोंड पुसलं आन म्हणली, "पोट एक नंबर हाये तुझं. जळजळ हाये ती चहाची. इतकं चांगलं पोट रोज बघायला मिळत न्हाई मला."

तुम्हाला सांगतो, आयुष्यात मला कोणी कशात एक नंबर म्हणलं न्हाई. मी तिच्याकडून फोटो मागून घेतला, मोबाईलमध्ये ठेवला. तवापासून माझं काय झालं की मी सारखा तंद्रीत. मशीनसमोर उभा हाये, साहेब काहीतरी ओरडून राह्यलेत, आन मी इचार करून राह्यलो, की आत्ता, या टायमाला, आत सकाळचे पोहे सावकाश घुसळले जाऊन राह्यले असतील. कोणी हुकूम दिला न्हाई, हजेरी न्हाई, ओव्हरटाईम न्हाई. साहेब म्हणले, "आदिनाथ, लक्ष कुठं हाये?" मी म्हणलं, आत. त्यायला काही कळलं न्हाई.

असो. आता सासरवाडी सांगतो, म्हणजे घोळ कळंल. शहागडच्या जवळ, गोदावरीच्या काठाला गाव. सासरे रखमाजीमामा, सासूबाई नंदामामी. रखमाजीमामाचे धाकटे भाऊ भागवतमामा, त्यायच्या मंडळी कौसल्यामामी. आधी सगळे एका घरात, एका चुलीवर. दैवशाला त्या घरातली एकटी पोरगी. जल्म दिला नंदामामीनं, पण येणी घातली कौसल्यामामीनं, शाळेचा डबा कौसल्यामामीचा, ताप आला की मांडी कौसल्यामामीची. आपली आई बराबर कोणती, हे त्या पोरीला मोठी होईस्तोवर ठाऊक नव्हतं, आन तिला त्याची गरजबी पडली न्हाई.

मंग इहिरीच्या मोटारीवरून बिनसलं. पाळी कोणाची, बटण आधी कोणी दाबलं… तुम्हाला सांगतो, एवढंसं हिरवं बटण, त्याच्यावरून घर फुटलं. अंगणाच्या मधोमध पत्रे उभे राह्यले. लिंबाचं झाड तिकडं, त्याची सावली इकडं. भाऊ बोलंनात, जावा पत्र्याला पाठ करून भांडी घासू लागल्या. आन दैवशाला माहेरी गेली की उभी कुठं राह्यायची, तर पत्रा संपतो आन रस्ता लागतो ना, तिथं, टोकाला, हातात पिशवी घेऊन. आधी इकडं गेली तर तिकडं तोंड फुगतं, आधी तिकडं गेली तर इकडं जेवण बंद. एकदा तर ती तिथूनच माघारी आल्ती. पाणीसुद्धा न पिता. मला सांगितलं न्हाई, पण पिशवीतली केळं तशीच व्हती ना.

आन त्यात आला धोंड्याचा महिना. अधिक महिना, म्हणजे जावयाला बोलवायचं, पाटावर बसवायचं, पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे. पत्रे लागल्यापासूनचा पहिलाच. इकडून फोन, तिकडून फोन. आमचा तर पेरणीच्या आधीचा सीझन, प्लँट दिवसरात्र चालू, साहेबानं एकच रविवार दिला. मी दोघायलाबी म्हणलं, रविवारी येतो. रखमाजीमामा म्हणले, "आमच्याकडं पोटभर जेवा, तिकडं नुसतं पाणी प्या." भागवतमामा म्हणले, "तिकडं नुसतं पाणी प्या, आमच्याकडं पोटभर जेवा." बघा, भाऊच ते, शब्दसुद्धा सारखे. जावई कोणाचा, हे ठरवायला बसले दोघंबी. पण पोटाला इचारलं का कोणी?

अंबड मागं पडलं, मोटारसायकलवर ऊन नुसतं वाजून राह्यलं, आन मागं बसलेली दैवशाला म्हणली, "अहो, ऐका. दोन्हीकडं बसायचं. दोन्हीकडं सारखं खायचं. एका घरी घासभर कमी पडला, तर ते दार मला कायमचं बंद व्हईल. मला दोन्ही दारं पाह्यजेत." एवढं म्हणली आन माझ्या पाठीला कपाळ टेकवलं. पाठ ओली झाली. मी म्हणलं, घाम असंल. घाम नव्हता. आता तुम्हीच सांगा, माणूस काय म्हणणार? मी म्हणलं, खातो. छाती फुगवून म्हणलं. तवा मीबी पोटाला इचारलं न्हाई.

पहिलं ताट नंदामामीचं. अंगणात पत्र्याजवळ पाट, रांगोळी, कपाळाला टिळा, डोक्याला टोपी. आन ताटात… काय सांगू, तळलेले धोंडे, त्यायच्यावर तुपाची धार, वाटीत आमरस, येळवणीची, म्हणजे पुरणाच्या कटाची आमटी, कुरडई, भजे. पहिला धोंडा फोडला आन वाफ निघाली, वेलदोड्याची. मी डोळे मिटले. तुम्हाला सांगतो, आत बराबर कळलं मला, पहिली घडी उलगडली. मंग दुसरी. मी मनात म्हणलं, बाबा, सावकाश, आज लांबचा पल्ला हाये.

पण बाहेर सावकाश कुठं? नंदामामी म्हणती, "हा एक माझ्यासाठी." खाल्ला. "हा दैवशालासाठी." खाल्ला. "हा तुमच्या सासऱ्यासाठी." आता सासरे समोर बसलेत, दात शाबूत हायेत, त्यायनी सवता खावा की. तो बी खाल्ला. आन रखमाजीमामा काय करून राह्यले, तर माझ्याकडं न बघता पत्र्याकडं तोंड करून मोठ्यानं, "जावईबापूला अजून वाढा, त्यायला आपल्याकडचंच आवडतं." मंग पत्र्याच्या पलीकडून पितळी गंज, म्हणजे पातेलं, आपटल्याचा आवाज. रखमाजीमामा खुश. इकडून तूप वाढ, तिकडून गंज आपट. मी मधी बसून दोन भावायचं भांडण चावून राह्यलो.

उठलो. रस्त्यावर आलो. पत्र्याच्या टोकाला वळसा घातला. एवढंसं अंतर, पण मला असं वाटलं, की मी चालून राह्यलो न्हाई, मला कोणीतरी डोक्यावर हंडा ठेवावा तसं पोट घेऊन जायला सांगितलंय, हिंदकळू न देता. ऊन पांढरं पडल्तं. लांब हायवेवर ट्रक जाताना दिसायचा, आवाज मागून यायचा. सगळंच जरा मागून येऊन राह्यलं व्हतं.

तिकडं अंगणात लिंबाखाली तसाच पाट, तशीच रांगोळी, तशीच टोपी. एका टोपीवर दुसरी टोपी घातली. भागवतमामा म्हणले, "तिकडं किती खाल्ले?" मी म्हणलं, मामा, आमरस छान दिसून राह्यला. म्हणले, "ते न्हाई, धोंडे किती?" पत्र्यामागं रखमाजीमामा खाकरले. मी म्हणलं, तिकडं जितके, तितकेच इकडं. भागवतमामा म्हणले, "तितके? एक जास्त." आता बोला.

कौसल्यामामीनं ताट आणलं. तिचे उकडलेले धोंडे, पांढरेशुभ्र, ठसठशीत. आन तुम्हाला सांगतो, त्या बाईनं आग्रह केला न्हाई. बिलकुल न्हाई. आग्रह केला असता तर मी हात जोडले असते, पाया पडलो असतो, पळालो असतो. ती नुसती समोर बसली, पदर हातात घेऊन. म्हणली, "दैवशाला बारकी असताना पुरण वाटायच्या आधीच निम्मं खाऊन जायची. मी तिच्या वाट्याचं वेगळं झाकून ठेवायची." आन डोळे भरून आले तिचे. दैवशाला दारात उभी. तिचेबी भरले. आता मी काय करू? खाल्लं. एक खाल्ला, दुसरा खाल्ला, तुपासकट खाल्ला. खाली त्या बारक्या दारानं तर तूप बघून कवाचीच कडी लावली असंल. आत नंदामामीचे धोंडे बसून राह्यले, वर कौसल्यामामीचे येऊन राह्यले, "सरका जरा, सरका जरा." आन भागवतमामाचा तो एक जास्तीचा धोंडा मी हातात घेतला, आन नेमकी त्या टायमाला पहिल्या घरची खबर डोक्याला पोचली.

मंग काय झालं ते मला सांगता येत न्हाई, पण दिसतं अजून. कपाळाला गार घाम आला. लिंबाची पानं दिसली, मंग नुसताच हिरवा रंग, मंग तोबी गेला. कूलरची घूं घूं राह्यली. आन मी आत गेलो.

आत, म्हणजे माझ्या आत. तीच गुलाबी जागा, पण आता घड्या न्हाईत, सगळं ताणून मोठं झालेलं, लग्नाच्या मांडवासारखं. मंद उजेड. कुठून येत व्हता कोणास ठाऊक. आन खाली सगळं पिवळं, कोमट, आमरसाचं. त्याच्यात धोंडे तरंगून राह्यले. मी नीट पाह्यलं, म्हणलं, तळलेले कोणते आन उकडलेले कोणते? काठाकाठानं वळखू येत व्हते. मंग वरून लाट आली, सावकाश… सगळं एका अंगाला झुकलं, मंग दुसऱ्या अंगाला. झोळीतल्या लेकराला झोका देतात ना, तसं. एक लाट गेली, धोंडे मऊ झाले. दुसरी गेली, कडा गेल्या. तिसरी गेली, आन मंग मला वळखूच येईना. रखमाजीमामाचं तूप भागवतमामाच्या पुरणात, भागवतमामाचं पुरण रखमाजीमामाच्या आमटीत. कोणी इचारलं न्हाई, हे कोणाच्या घरचं. कोणी इचारलं न्हाई, आधी कोण आलं. तेजाब सगळ्यायला सारखं. आन खाली ते बारकं दार, उघडायचं, मिटायचं, जे एकजीव झालं तेवढंच पुढं सोडायचं, जे न्हाई झालं त्याला म्हणायचं, जा, अजून जरा मिसळून ये.

मी काठाला बसलो पाय सोडून. इतकं निवांत मला कधी वाटलं न्हाई. आन पाह्यलं तर समोरून दैवशाला येऊन राह्यली, पण बारकी, परकर घातलेली, दोन येण्या. ती त्या अंगणातून या अंगणात पळत गेली, या अंगणातून त्या अंगणात पळत आली, मधी काहीच नव्हतं, पत्रा नव्हता, टोक नव्हतं, हातात पिशवी नव्हती. तोंड पुरणानं भरलेलं. मी म्हणलं, दैवशाला, पडशील. ती हसली. मला उठावंसंच वाटंना. म्हणलं, राहू द्या मला इथंच, घुसळा मलाबी.

आन एकदम ढग फुटल्यासारखा आवाज झाला. धडाड्‌.

डोळे उघडले तर आभाळ. तोंडावर पाणी. डोकं दैवशालाच्या मांडीवर. आन आजूबाजूला सगळे, इकडचे बी आन तिकडचे बी. आवाज कशाचा झाला म्हणता? दैवशाला ओरडली, "अहो पडले हो," ते रखमाजीमामानं पलीकडून ऐकलं. वळसा घालायला टाईम कुठं? लाथ घातली, पत्रा आडवा, पत्र्यावरून पळत आले. त्यायच्या मागं नंदामामी. आन आल्या आल्या भावाला पहिलं वाक्य बोलले, इतक्या दिवसानं, तुम्हाला सांगतो, काय असंल? "काय घातलंस रे त्याला?"

भागवतमामा म्हणले, "मी काय घातलं? तुमच्याकडून तेलाचं भरून आल्ता तो. आमच्याकडं पाटावर बसला तवाच डोळे फिरल्ते त्याचे."

"आमच्याकडून चांगला चालत गेला. तुमचं उकडलेलं कच्चं राह्यलं असंल."

कौसल्यामामीचं तोंड एकदम उतरलं. नंदामामी म्हणली, "माझं तळलेलं कधी कोणाला बाधलं न्हाई." कौसल्यामामी म्हणली, "मंग माझं बाधलं म्हणा." आन आवाज चढत गेले, गल्लीतले लोक गोळा झाले, कोणी म्हणलं उकडलेलंच वाईट, कोणी म्हणलं तळलेलंच. मी खाली पडून सगळ्यायच्या हनुवट्या पाहून राह्यलो. आन मधी दैवशाला. ती इकडंबी बघंना, तिकडंबी बघंना. फक्त माझ्याकडं बघून राह्यली. तिचा हात माझ्या कपाळावर व्हता.

आन मला कळलं, की आता ज्याचं जेवण गुन्हेगार ठरंल, ते दार तिला बंद. नंदामामीचं म्हणलं तर आईचं. कौसल्यामामीचं म्हणलं तर… तेबी आईचंच की. दोन्हीचं म्हणलं तर दोन्ही. आन कोणाचंच न्हाई म्हणलं, तर मंग जावई पडला कशानं? काहीतरी नाव तर द्यायला पाह्यजे ना. गोळा झालेले लोक असे मोकळ्या हातानं घरी जात न्हाईत.

माझ्या खिशात मोबाईल. मोबाईलमध्ये फोटो. गुलाबी, चकचकीत, एक नंबर. जालन्यातल्या पोटाच्या डॉक्टरनं म्हणलेलं, इतकं चांगलं रोज बघायला मिळत न्हाई. त्यानं दोन घरचे धोंडे घेतले, तक्रार केली न्हाई, सवताला ताणलं, सैल झालं, अजूनबी आत इमानदारीनं घुसळून राह्यलं व्हतं बिचारं. आन मी काय केलं? त्याला इचारलं का? न्हाई. मी दैवशालाकडं पाह्यलं आन म्हणलं, "मामा, जेवणाचा दोष न्हाई. दोन्हीकडचं अमृत व्हतं. माझंच पोट कच्चं हाये. लई दिवसाचं हाये. डॉक्टरनंबी सांगितल्तं, जपून खा म्हणून."

आत लाट थांबल्यासारखी वाटली मला. वाईट वाटलं हो. इतक्या सज्जन माणसाची भर अंगणात बदनामी केली मी.

पण बाहेर काय झालं, ते बघा. मंग रखमाजीमामा हळूच भागवतमामाला म्हणले, "पोटाचा कच्चा निघाला रे."

भागवतमामा म्हणले, "दादा, मला लग्नातच शंका आल्ती. बुंदीचे दोनच लाडू खाल्ल्ते यायनी."

"मंग तवा बोलला काहून न्हाईस?"

"तुम्ही मोठे. तुमच्यापुढं मी काय बोलू?"

आन दोघं भाऊ त्या पडलेल्या पत्र्यावर बसले. तापलेल्या पत्र्यावर हो, खाली भाजतंय याचीबी शुद्ध न्हाई. माझ्या लग्नापासून माझं एकएक जेवण काढलं, कवा मी भाकरी ठेवली, कवा मी ताक मागितलं, सगळं जुळवलं. इहिरीचा शब्द निघाला न्हाई, बटणाचा निघाला न्हाई. नंदामामी म्हणली, "कौसल्या, ओवा हाये का गं तुझ्याकडं?" कौसल्यामामी म्हणली, "हाये बाई, तुम्ही हिंग कालवा, बेंबीला लावू." पत्र्यावरून या घरात गेल्या, पत्र्यावरून त्या घरात आल्या, पत्रा नुसता डबडब वाजून राह्यला. आन दैवशाला माझं डोकं मांडीवर घेऊन हसून राह्यली का रडून राह्यली, ते मला खालून दिसंना. पण तिची मान आता इकडंबी वळून राह्यली, तिकडंबी.

तो पत्रा पुन्हा उभा राह्यला न्हाई. गोठ्यावर टाकला त्यायनी. मोटारीची पाळीबी लागली बराबर, कारण आता रोज सकाळी दोघं भाऊ चहाला एकत्र बसतात, आन बोलायला इषय काय, तर मी. "आज जावयाला फोन केला व्हता का? काय म्हणतं पोट?" दैवशाला आता माहेरी गेली की सरळ अंगणात जाती, पिशवी कुठंबी ठेवती. जाड झाली माहेरच्या खाण्यानं.

सणाला आम्ही जातो. दोन्ही जावा मिळून सैपाक करतात. पुरण, तूप, आमरस, सगळं. सगळ्यायची एकच पंगत बसती, आन वासानं माझे डोळे मिटतात. तेवढ्यात कौसल्यामामी माझ्यासमोर वाटी आणून ठेवती. भाताची पेज. बिनतिखटाची, कोमट. नंदामामी म्हणती, "सावकाश प्या हो, बाधंल." मागं एकदा मी धीर केला. म्हणलं, "मामा, आता बरं हाये पोट." दोघं भाऊ घास हातात धरून थांबले. रखमाजीमामा म्हणले, "बरं हाये? मंग त्या दिवशी कशानं झाल्तं?" आन भागवतमामाकडं पाह्यलं. भागवतमामानं त्यायच्याकडं पाह्यलं. दैवशालानं माझ्याकडं. मी लगेच पोटाला हात लावला आन कण्हलो. घास पुन्हा चालू झाले.

तर असं हाये बघा. घर एक झालं, चूल एक झाली, पंगत एक झाली… वाटणी राह्यली ती फक्त माझ्या ताटाची.